पन्नास टक्क्यांची बातमी आणि मिरजेचं बिल : एक प्रकरण अभ्यास

१४ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारचं एक प्रसिद्धिपत्रक निघालं. राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरणाने ८ ऑक्टोबरच्या बैठकीत आठ औषधांच्या अकरा प्रकारांच्या कमाल किमती पन्नास टक्क्यांनी वाढवायला मंजुरी दिली, असं त्यात होतं. दुसऱ्याच दिवशी, १५ ऑक्टोबरला, महाराष्ट्र विधानसभेची निवडणूक जाहीर झाली आणि आचारसंहिता लागली. एरवी ही बातमी आतल्या पानावर दोन कॉलमांत विरली असती. पण निवडणुकीच्या तोंडावर ती गावोगावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पोहोचली, आणि पोहोचेपर्यंत तिच्यातला 'आठ औषधांच्या अकरा प्रकारांच्या' हा भाग गळून पडला होता. उरलं ते एवढंच: जीवनरक्षक औषधे ५० टक्क्यांनी महाग.

मी सांगली जिल्ह्यात औषधनिर्माणशास्त्र शिकवतो. पुढचं प्रकरण तासगाव तालुक्यातल्या एका गावातलं आहे. माणसांची, दुकानाची आणि रुग्णालयाची ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही आणि रकमा गोळाबेरीज आहेत. वर्गात ते चर्चेला घेतो तेव्हा मुलं पहिल्या दहा मिनिटांत सरकार, कंपनी किंवा मेडिकलवाला यांपैकी एकाला दोषी ठरवून मोकळी होतात. म्हणून ते एकदा सविस्तर लिहून ठेवतो आहे.

घर

घर द्राक्षबागायतदाराचं. दोन एकर बाग. ऑक्टोबर म्हणजे फळछाटणीचा महिना: मजुरी, औषधफवारणी, सगळा पैसा बाहेर जायचा काळ. माल विकून किंवा बेदाणा करून पैसा हाती यायला फेब्रुवारी-मार्च उजाडतो. तोवर विकास सोसायटीचं कर्ज आणि दुकानदाराची उधारी. वडील, म्हणजे घरातले आप्पा, सत्तरीच्या पुढचे. जुना दमा. वर्षानुवर्षं साल्ब्युटामॉलची ४ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा घेतात. भाव वाढलेल्या त्या अकरांपैकी ही एक. (छातीच्या डॉक्टरला विचारलं तर तो सांगेल की ही गोळी आता मागे पडली, हात थरथरतात, छाती धडधडते, इन्हेलर घ्या. डॉक्टरचं बरोबरच आहे. पण गोळी स्वस्त आहे, खिशात मावते आणि 'पंप लागला म्हणजे संपलं' ही समजूत अजून वाड्यावस्त्यांवर पक्की आहे.)

त्या ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आप्पांना न्यूमोनिया झाला. तासगावातल्या डॉक्टरांनी मिरजेला न्यायला सांगितलं. मिशनरी डॉक्टर वानलेसांनी १८९४ मध्ये मिरजेत दवाखाना सुरू केला तेव्हापासून कृष्णाकाठचा आणि पार कर्नाटकातला पेशंट मिरजेला जातो. त्यात नवल काही नाही. खासगी रुग्णालयात सहा दिवस काढले. एकूण बिल लाखाच्या थोडं वर. त्यात औषधं आणि इतर साहित्य यांचे अडतीस हजार.

थोरला मुलगा आप्पांना घेऊन घरी आला तो नेमका बातमी फिरत असतानाच. हातात बिल, मोबाइलवर मेसेज. दोन्ही जुळवायला त्याला कुणी सांगावं लागलं नाही.

दुकान

गावात एकच मेडिकल. तरुण मंडळाच्या दहा-बारा पोरांनी ठरवलं की दुकानासमोर ठिय्या द्यायचा आणि मग तहसीलदारांना निवेदन. मेडिकलवाले अण्णा पस्तीस वर्षं तिथे बसलेले. अर्ध्या गावाची उधारी त्यांच्या वहीत.

"अण्णा, पंधरा तारखेपासनं दर वाढवलासा म्हणं," थोरल्याने विचारलं.

"कुठल्या गोळीचा रे? आप्पांच्या? पट्टीवर छापलेलं वाच की. जुना माल हाय, जुन्याच भावात देतोय."

पट्टी तीस गोळ्यांची. छापील किंमत दहा रुपयांच्या आसपास. दिवसाला तीन म्हणजे महिन्याला नव्वद गोळ्या, तीन पट्ट्या, तीस रुपये. नव्या भावाचा माल आला की पंचेचाळीस. म्हणजे ज्या पन्नास टक्क्यांवरून ठिय्या होणार होता, त्यांचा या घरावरचा बोजा महिन्याला पंधरा रुपये होता.

इथे वर्गात कुणीतरी हमखास म्हणतं की मग राग फुकटचा. थांबा. तीस रुपयांत अण्णांना काय सुटतं ते आधी पाहू. सरकारच्या अत्यावश्यक औषध सूचीतल्या औषधावर किरकोळ विक्रेत्याचा नफा १६ टक्के धरलेला असतो, घाऊक व्यापाऱ्याचा ८. म्हणजे एका पट्टीमागे सव्वा-दीड रुपया. वीज, फ्रीज, फार्मासिस्टचा पगार, मुदत संपलेला माल परत करायची कटकट आणि वर उधारी. अशी पट्टी विक्रेत्याने आणून ठेवावी असं त्यात काही नाही; अण्णा ठेवतात ते गिऱ्हाइकाच्या ओळखीखातर. शहरातल्या मोठ्या दुकानात 'साल्ब्युटामॉलची साधी गोळी' मागून पाहा, बरेचदा 'शॉर्ट आहे' असं उत्तर येतं. कंपनीचंही तेच. कच्चा माल महागला, रुपया घसरला आणि विक्रीच्या भावाला वरून टोपण. मग ती उत्पादन बंद करायची परवानगी मागते. प्राधिकरणाने ऑक्टोबरच्या निर्णयामागे हीच कारणं दिली होती.

भाव बांधायची रीत

इथून पुढचं थोडं रुक्ष आहे, पण ते टाळून हे प्रकरण कळत नाही.

औषध (किंमत नियंत्रण) आदेश, २०१३ प्रमाणे ज्या औषधांचा समावेश राष्ट्रीय अत्यावश्यक औषध सूचीत आहे, त्यांनाच कमाल किंमत असते. २०२२ च्या सूचीत ३८४ औषधं आहेत. किंमत ठरते ती बाजारात एक टक्का किंवा त्याहून जास्त वाटा असलेल्या सगळ्या ब्रँडांच्या किरकोळ विक्रेत्याला पडणाऱ्या भावाची सरासरी काढून, त्यावर १६ टक्के नफा चढवून. म्हणजे औषध बनवायला किती खर्च येतो हे कुणी विचारत नाही; बाजार काय घेतो याची सरासरी घेतली जाते. १९९५ च्या आदेशात हिशेब उत्पादनखर्चावरून होता, पण तो फक्त ७४ मूळ औषधांना लागू होता. २०१३ ला यादी लांबली आणि मोजपट्टी बदलली. सौदा बरा की वाईट यावर दहा वर्षांहून जास्त काळ वाद चालू आहे. माझं मत विचाराल तर लांब यादी हवीच होती, पण मोजपट्टी बदलायला नको होती.

सूचीतल्या औषधांचा भाव दर एप्रिलमध्ये घाऊक किंमत निर्देशांकाबरोबर हलतो आणि त्यासाठी कंपनीला सरकारची परवानगी लागत नाही. २०२२ मध्ये ही वाढ १०.७७ टक्के होती, २०२३ मध्ये १२.१२. दोन्ही एकावर एक चढवल्या तर सुमारे २४ टक्के. नवी सूची लागू झाल्यावर काही औषधांचे भाव नव्याने बांधून खाली आले हे खरं, तरी ज्याला चिडायचं होतं त्याने तेव्हा चिडायला हवं होतं. २०२४ च्या एप्रिलमध्ये वाढ होती ०.००५५१ टक्के, म्हणजे शंभर रुपयांमागे अर्धा पैसा. त्याच महिन्यात 'औषधं १२ टक्क्यांनी महाग' अशा बातम्या फिरल्या आणि आरोग्य मंत्रालयाला खुलासा करावा लागला.

आणि सूचीबाहेरची औषधं? त्यांची पहिली छापील किंमत कंपनी स्वतः ठरवते. हवी तेवढी. पुढे मर्यादा एकच: बारा महिन्यांत दहा टक्क्यांहून जास्त वाढवायची नाही. दरवर्षी दहा टक्के म्हणजे सात वर्षांत जवळजवळ दुप्पट, आणि तेही कायद्याच्या चौकटीत बसून. या वाढीचं प्रसिद्धिपत्रक निघत नाही, त्यामुळे ठिय्याही होत नाही.

ऑक्टोबर २०२४ ची पन्नास टक्क्यांची वाढ यांपैकी कुठल्याच नेहमीच्या वाटेने आलेली नव्हती. ती आली आदेशाच्या १९ व्या परिच्छेदातून. असाधारण परिस्थितीत, लोकहितासाठी, सरकारला वाटेल ती किंमत ठरवायची मुभा हा परिच्छेद देतो. २०१९ मध्ये २१ आणि २०२१ मध्ये ९ औषधप्रकारांचे भाव याच वाटेने पन्नास टक्के वाढले होते. पण गंमत अशी की फेब्रुवारी २०१७ मध्ये हृदयाच्या स्टेंटचा भाव उतरवला तोही याच परिच्छेदाने. औषध लावलेल्या ज्या स्टेंटला लाख-सव्वालाख मोजावे लागत, तो २९,६०० रुपयांवर आला. साधा ७,२६० वर. सांगली-मिरजेत त्या साली अँजिओप्लास्टी झालेल्या कित्येकांचं बिल या एका परिच्छेदाने हलकं केलं.

बिल

थोरल्याने बिल माझ्याकडे आणलं ते ओळखीतून. त्याला हवं होतं की पन्नास टक्क्यांमुळे किती पैसे जास्त गेले तो आकडा मी लाल शाईने काढून द्यावा. निवेदनाला जोडायचा होता.

रुग्णालयाने आधी एकच ओळ दिली होती: औषधे व साहित्य, अडतीस हजार. तपशीलवार बिल मागितल्यावर मिळालं, सात पानांचं. ओळ न् ओळ वाचली. सरकारने वाढवलेल्या अकरांपैकी त्यात एकही औषध नव्हतं. साल्ब्युटामॉलसुद्धा नव्हतं. वाफेसाठी दिलं होतं ते त्याचंच भावंड लेव्होसाल्ब्युटामॉल, इप्राट्रोपियम या श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या दुसऱ्या औषधाबरोबर. साल्ब्युटामॉल सूचीत आहे, लेव्होसाल्ब्युटामॉल नाही. दम्याच्या झटक्यात दोघांच्या गुणात फारसा फरक पडतो असा ठोस पुरावा नाही, पण आज रुग्णालयात गेलात तर बहुधा दुसरंच मिळेल. डॉक्टरांना ते सवयीचं झालं आहे आणि कंपनीने ती सवय जोपासली आहे.

सूचीतली औषधं मिळून पाच हजारांच्या आत. सलाईन, पॅरासिटामॉल, स्टेरॉइड, एक-दोन आणखी.

मोठी ओळ होती सेफोपेराझोन-सलबॅक्टम या प्रतिजैविकाची. सूचीबाहेरचं. दिवसाला दोन, सहा दिवस, बारा बाटल्या. एका बाटलीची छापील किंमत सातशे. बारा साते चौऱ्याऐंशी, म्हणजे आठ हजार चारशे. त्या कंपनीचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं. अण्णांना विचारलं. त्यांनी घाऊक व्यापाऱ्याला फोन लावला आणि सांगितलं की हा माल बाहेर कुणी विकत नाही, फक्त रुग्णालयांना जातो, आणि घेणाऱ्याला शंभर-सव्वाशेला पडतो. तेच औषध, तितक्याच ताकदीचं, नावाजलेल्या कंपनीचं, अण्णांच्या फळीवर साडेतीनशेला होतं.

रुग्णालयापुरता बनवलेला हा माल म्हणजे उलटा बाजार. एरवी दोन कंपन्या भांडल्या की गिऱ्हाइकाला स्वस्त मिळतं. इथे निवडणारा एक, पैसे देणारा दुसरा. त्यामुळे कंपन्या भांडतात त्या छापील किंमत जास्त कोण ठेवतो यावर. जितकी ती जास्त, तितका खरेदी आणि विक्री यांतला गाळा रुग्णालयाला मोठा.

त्याच्या खाली हातमोजे, कॅन्युला, आयव्ही सेट, सिरिंज, अंडरपॅड, डायपर, नेब्युलायझरचे मास्क: अकरा हजार. प्रथिनांची पावडर दोन डबे. जीवनसत्त्वांची इंजेक्शनं, ज्यांची न्यूमोनियाच्या रुग्णाला काय गरज होती हे मी सांगू शकत नाही. उरलेले पैसे पोटाच्या, खोकल्याच्या, झोपेच्या किरकोळ औषधांचे, सगळी सूचीबाहेरची.

हे एका बिलाचं वाचन झालं. पण ते एकटंदुकटं नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये याच प्राधिकरणाने दिल्ली परिसरातल्या चार मोठ्या खासगी रुग्णालयांच्या बिलांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात एकूण बिलात सूचीतल्या औषधांचा वाटा सुमारे ४ टक्के निघाला, सूचीबाहेरच्या औषधांचा २५ टक्क्यांहून जास्त. काही वस्तूंवर रुग्णालयाचा नफा १,७३७ टक्क्यांपर्यंत होता. तासगावच्या शेतकऱ्याचं बिल दिल्लीच्या बिलाच्या साच्यातलंच होतं, फक्त लहान.

थोरला बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे सर, बातमी खोटी?"

बातमी खरी होती. त्याचं बिलही खरं होतं. दोघांचा एकमेकांशी संबंध नव्हता.

तक्रार कुठे बसेना

आता त्याला रुग्णालयाविरुद्ध तक्रार करायची होती. छापील किमतीपेक्षा जास्त घेतले असतील किंवा सूचीतल्या औषधाला कमाल किमतीपेक्षा जास्त भाव लावला असेल, तर वाट सरळ आहे. अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात अर्ज, किंवा प्राधिकरणाच्या 'फार्मा जन समाधान' या सोयीवर. 'फार्मा सही दाम' या अॅपवर कमाल किंमत पाहता येते. गुन्हा ठरला तर कंपनीकडून जादा घेतलेली रक्कम व्याजासह वसूल होते. ती जमा होते सरकारकडे. रुग्णाच्या हातात काही येत नाही. स्वतःचे पैसे परत हवे असतील तर जिल्हा ग्राहक आयोगात जावं लागतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही.

पण सात पानांत एकाही ओळीवर छापील किमतीपेक्षा रुपया जास्त घेतलेला नव्हता. सगळं नियमात. सातशे रुपयांची बाटली सातशेलाच विकली होती. माझ्या मते हे प्रकरण कळायचं तर इथेच थांबून विचार करावा लागतो: कायदा मोडलेला नाही, कुणी लबाडी केल्याचा कागद नाही, आणि तरी माणूस नागवला गेला.

एक बारीक फट मात्र होती. बाहेरून औषध आणायचं का, असं घरच्यांना कुणीच विचारलं नव्हतं. थोरल्याने एकदा स्वतःहून विचारलं तेव्हा वॉर्डातल्या बाईंनी "बाहेरचं चालत नाही" म्हणून सांगितलं. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत औषध कुठून घ्यायचं ते निवडण्याचा हक्क आहे आणि केंद्राने ती सनद २०१९ मध्ये राज्यांकडे पाठवली होती. पण तोंडी बोलण्याचा पुरावा कुठून आणणार? पुढे ४ मार्च २०२५ ला सर्वोच्च न्यायालयासमोर नेमका हाच प्रश्न निकालाला आला: रुग्णालयं आपल्याच दुकानातून घ्यायची सक्ती करतात. न्यायालयाने अडचण मान्य केली, आदेश मात्र दिला नाही. धोरण ठरवायचं राज्यांवर सोपवलं.

रुग्णालयाशी बोलणी झाली ती थोरल्याने केली आणि चांगली केली. न वापरलेले, सीलबंद हातमोजे, अंडरपॅड, पावडरचा एक डबा घरी आला होता. ते परत नेऊन दिले. दोन हजारांच्या वर रक्कम परत मिळाली. प्रतिजैविकावर काही नाही.

आमच्या बैठकीतल्या ताई

ठिय्या झाला नाही. आचारसंहितेत जमाव करायला परवानगी लागली असती आणि अण्णांसमोर बसून उपयोग नाही हे तोवर पोरांना पटलं होतं. निवेदनाचा मसुदा ठरवायला मंडळाच्या खोलीत बसलो. सांगलीहून एक ताई आल्या होत्या, कुणाच्या तरी नात्यातल्या. त्यांच्या मुलाला थॅलेसेमिया. दर दोन-तीन आठवड्यांनी रक्त भरायचं. रक्ताच्या एका पिशवीबरोबर दोनशे ते अडीचशे मिलिग्रॅम लोह शरीरात जातं आणि ते बाहेर काढायची सोय शरीराकडे नाही; काळजात, यकृतात साठत जातं. ते काढायला डेस्फेरिऑक्झामिन: पोटाच्या कातडीखाली सुई, छोटा पंप, आठ ते बारा तास, आठवड्यातून पाच-सहा रात्री. आता तोंडाने घ्यायचं डेफेरासिरॉक्स आहे, सरकारी रुग्णालयात मिळतं, बहुतेक मुलं त्यावरच असतात. या मुलाला ते मानवलं नव्हतं.

डेस्फेरिऑक्झामिन भाव वाढलेल्या त्या अकरांत होतं. पोरांना वाटलं, पन्नास टक्क्यांचा खरा मार बसलेलं कुणीतरी अखेर सापडलं. आणि ते खरंच होतं. साल्ब्युटामॉलचे पंधरा रुपये हसण्यावारी नेता येतात, पण महिन्याला पन्नास-साठ बाटल्या लागणाऱ्या घराला ही वाढ हजारांत जाते. ताईंनी मात्र दुसरंच सांगितलं.

"महाग झालं ते वाचलं मी पण. आधी मिळतंय का ते विचारा की. श्रावणात तीन आठवडे सांगली, मिरज, कोल्हापूर पालथं घातलं. शेवटी पुण्याहून मागवलं. भाव वाढवला म्हणून माल येणार असेल तर येऊ दे. पण येणार का, ते कुणी लिहून देतंय का?"

या प्रश्नावर खोलीत कुणाकडे उत्तर नव्हतं आणि मला विचाराल तर सरकारी निर्णयातही नव्हतं. भाव वाढवताना कंपनीने अमुक इतकं उत्पादन करायचंच, असा कायदेशीर बोजा घातलेला नव्हता. नियमाप्रमाणे सूचीतलं औषध बंद करायचं तर कंपनीने सहा महिने आधी कळवायचं असतं. पण बंद न करता नुसतं कमी बनवलं, तर?

पेनिसिलिनचं उदाहरण मी त्यांना दिलं, कारण ते आपल्या राज्यातलं आहे. पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली उभी राहिली. सरकारी क्षेत्रातली पहिली औषध कंपनी. पेनिसिलिन देशात बनू लागलं ते तिथे. पुढे चीनमधून येणारा कच्चा माल इतका स्वस्त पडायला लागला की आपले किण्वनाचे, म्हणजे आंबवून औषध बनवणारे, कारखाने एकेक करून थंडावले, आणि मग चीनने भाव वाढवले की इथे पेनिसिलिनचं इंजेक्शन बनवणाऱ्याला परवडेनासं झालं. ऑक्टोबरच्या यादीत बेन्झिल पेनिसिलिन असण्यामागे हा इतिहास आहे. त्याच महिन्याच्या अखेरीस आंध्रातल्या काकीनाड्याजवळ पेनिसिलिन-जी (तेच बेन्झिल पेनिसिलिन) बनवणाऱ्या नव्या कारखान्याचं उद्घाटन झालं, सरकारी प्रोत्साहन योजनेतून. म्हणजे जे पिंपरीत होतं ते सत्तर वर्षांनी पुन्हा उभारायचं.

एका पोराने अमेरिकेचा व्हिडिओ दाखवला. २०१५ मध्ये ट्युरिंग नावाच्या कंपनीने डॅराप्रिम हे १९५३ पासूनचं औषध विकत घेतलं आणि गोळी साडेतेरा डॉलरवरून साडेसातशेवर नेली. कंपनीचा प्रमुख मार्टिन श्क्रेली रातोरात अमेरिकेतला सर्वांत नकोसा माणूस झाला. पोराचं म्हणणं, आपल्याकडेही हेच चाललंय. नाही. तिथे एकट्या विक्रेत्याला थांबवणारा कायदाच नव्हता, म्हणून पंचावन्न पट वाढ झाली. आपल्याकडे भाव वाढवायला सरकारचा कागद लागला आणि तोही तीस-पस्तीस पैशांना विकल्या जाणाऱ्या गोळीला. श्क्रेलीचा देशी भाऊबंद शोधायचाच असेल तर तो सूचीच्या बाहेर, सातशे रुपये छापलेल्या त्या बाटलीत शोधायला हवा. फरक इतकाच की इथे चेहरा नाही, कॅमेऱ्यासमोर हसणारा कुणी प्रमुख नाही, त्यामुळे राग कुणावर काढायचा हे लोकांना ठरवता येत नाही.

निवेदन

मसुदा दोनदा फाडला. पहिल्यात होतं: औषधांची दरवाढ त्वरित मागे घ्या. ती मागणी ताईंच्या सांगण्यावरून काढली, तेव्हा दोन पोरं उठून गेली. त्यांच्या मते निवेदनात दम राहिला नाही. एका उमेदवाराच्या माणसाने पहिलाच मसुदा मागून नेला आणि पुढे प्रचाराच्या पत्रकात वापरला. त्यात चूक काही नव्हतं, उपयोगही काही नव्हता.

शेवटी जे तहसीलदार कार्यालयात दिलं आणि अन्न व औषध प्रशासनाला प्रत पाठवली, त्यात मागण्या अशा होत्या. प्रत्येक रुग्णालयात, औषध बाहेरून आणता येईल असा मराठी आणि कानडी फलक लावावा. (कानडी थोरल्याने सुचवलं, मिरजेतल्या शेजारच्या खाटेवर अथणीचे आजोबा होते.) तपशीलवार बिल मागण्याआधीच द्यावं. जिल्हा रुग्णालयात डेस्फेरिऑक्झामिनचा साठा किती आहे ते दर महिन्याला जाहीर करावं. आणि सूचीबाहेरच्या औषधांवर विक्रीच्या नफ्याची मर्यादा घालावी, जशी केंद्राने २०१९ मध्ये कर्करोगाच्या ४२ औषधांवर ३० टक्क्यांची घातली. ही शेवटची मागणी तहसीलदारांच्या हातातली नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी लिहिली, कारण बिलाचं दुखणं तिथे होतं.

पोच मिळाली, शिक्क्यासह. जिल्हा रुग्णालयाने ताईंना तोंडी सांगितलं की मागणी वर कळवतो. फलक एका रुग्णालयात लागल्याचं थोरल्याने पाहिलं. आमच्यामुळे लागला की आपसूक, सांगता येत नाही.

पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा मथळे आले: अत्यावश्यक औषधे महागली. वाढ १.७४ टक्के होती. आप्पांच्या गोळ्यांवर महिन्याला रुपयाही नव्हे. मंडळाच्या ग्रुपवर मेसेज आला तेव्हा थोरल्याने खाली विचारलं, 'सूचीतली का बाहेरची?' त्यावर कुणी उत्तर दिलं नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, काही जीवनरक्षक औषधांवर शून्य झाला. कर धरून छापलेल्या किमतीत ही कपात सव्वासहा टक्के भरते. त्या प्रतिजैविकाच्या सातशे रुपयांच्या बाटलीवर हिशेब मांडला तर चव्वेचाळीस रुपये. रुग्णालयाला ती शंभर-सव्वाशेलाच पडते. कर्करोगाच्या त्या ४२ औषधांसारखी नफ्याची मर्यादा या इंजेक्शनाला नाही.